आत्याची लाल रेघ

आत्या, तुझ्या दहाव्याला कावळा शिवला तो पंपासाठीच, असं बाबा अजून भेटेल त्याला सांगतायत. तू असतीस तर म्हणाली असतीस, एका कावळ्यावरून काही सिद्ध होत नाही, अजून दोन-चार बघा. पण तू नव्हतीस, म्हणून तर आम्ही सगळे तिथे उन्हात उभे होतो.

झालं असं की पिंड ठेवला, सगळे मागे सरकले आणि कावळे समोरच्या झाडावर बसून आमच्याकडे नुसते बघत राहिले. मग नेहमीची विनवणी सुरू झाली. बाबा हात जोडून पुढे गेले आणि म्हणाले, "ताई, तुझं घर नीट सांभाळू आम्ही." कावळा जागचा हलला नाही. आई म्हणाली, "वन्सं, तुमच्या देवाचं मी करीन हो." तुझा देव म्हणजे फ्रीजवरचा एक गणपती, आणि त्याच्या मागे तू स्क्रू ड्रायव्हर ठेवायचीस. कावळा नाही. बाबा पुन्हा पुढे झाले. "मुक्ताच्या लग्नाचं मी बघतो, तू काळजी करू नकोस." त्याबरोबर झाडावरचे निम्मे कावळे उडूनच गेले.

तेव्हा बाबा माझ्याकडे वळले. "तुमचं ते पंपाचं भांडण राहिलंय ना? सांग तिला, तू म्हणत होतीस तोच बसवते म्हणून."

"नाही सांगणार."

"अगं, म्हणायला काय जातंय? भटजी ताटकळलेत."

"तिला खोटं सांगू? आजच्या दिवशी?"

आई कुजबुजली, "बाई गं, दोघी सारख्याच." मग मी पुढे गेले. मी हळूच म्हटलं, "आत्या, मोजून बसवीन. तुझा पुरला तर तुझा, नाही पुरला तर माझा." मागे फिरून चपला घालतेय तोवर एक कावळा खाली आला, पिंडाला चोच मारली आणि भाताचं शीत घेऊन गेला. बाबांनी डोळे पुसले. मी पुसले नाहीत, मला हसू आलं. आणि घरी येऊन तुझ्या टेबलावरचे ते दोन डबे बघितल्यावर मात्र मी बराच वेळ रडले.

ते डबे तसेच होते गं, शेजारी शेजारी. तुझा पंप खाकी पुठ्ठ्यात, माझा चकचकीत काळ्या डब्यात. तुझ्या त्या म्हाताऱ्या लाल गाडीत आपण टर्बो बसवला, इंजिनाची ताकद वाढवली, आणि मग तिच्या पेट्रोलच्या टाकीतला जुना पंप कमी पडायला लागला. नवा कुठला घ्यायचा यावर आपण इतक्या भांडलो की शेवटी दोन्ही आणले. येत्या रविवारी भांडुपला सावंतकाकांच्या गॅरेजवर दोन्ही मोजायचे, असं ठरलं. तो रविवार यायच्या आत तू गेलीस. समाचाराला आलेल्या एका बाईंनी तुझ्या फोटोला घालायला आणलेला हार त्या डब्यांवर ठेवला. मी उचलला नाही. म्हटलं, राहू दे, तुला चाललं असतं.

तुझ्या नोकरीबद्दल घरात एकच वाक्य बोललं जायचं, "ताई पंपाच्या कारखान्यात आहे." जणू तू तिथे पंप पुसायला जात होतीस. मी शाळेत असताना एकदा सुट्टीत तू मला तिथे घेऊन गेलीस. लाल बहादूर शास्त्री रोडवरचं ते लांबलचक शेड, आत माणसाएवढे पाण्याचे पंप आणि कानठळ्या बसवणारा आवाज. निळा कोट घातलेली तू. तू मला एका चाकाच्या झडपेपाशी उभं केलंस आणि म्हणालीस, "फिरव. हळूहळू बंद कर." मी फिरवत गेले तसा दाबाचा काटा वर चढत गेला आणि टाकीत पडणारं पाणी कमी होत गेलं.

"बघितलंस? मोकळ्या नळीतून कोणीही पाणी ओततं, मुक्ते. अडवल्यावर किती देतो ते बघायचं."

तेव्हा मला त्यातलं फक्त चाक आवडलं होतं. बाकीचं फार नंतर कळलं. टेस्टिंगमध्ये बाईमाणूस नको म्हणून तुला आधी ड्रॉइंगच्या टेबलावर बसवलं होतं, आणि तू रोज जेवणाच्या सुट्टीत शेडमध्ये जाऊन उभी राहायचीस, हे तू मला कधी सांगितलं नाहीस. तुझ्या हाताखाली काम केलेले दोघे जण समाचाराला आले, त्यांनी सांगितलं. त्यांनी आणखी एक सांगितलं. एकदा मोठी ऑर्डर जायची होती, ट्रक दारात उभा होता आणि एक पंप जरासंच कमी पाणी देत होता. साहेब म्हणाले, सही करा, एवढं चालतं. तू म्हणालीस, "मी पुन्हा मोजते." मोजलंस. तेवढंच आलं. ट्रक तो पंप न घेताच गेला. ते गृहस्थ हे सांगताना खुर्चीतून अर्धे उठले होते. आमच्या बाईंनी थांबवला, असं म्हणाले. 'आमच्या बाई' ऐकून मला वाटलं, ओरडून सांगावं की आमच्यासुद्धा.

पुन्हा मोजायचं. हे तुझं एकच कर्मकांड. आणि नियम असा की जो जिंकला त्यानेच पुन्हा मोजायचं. हरलेला माणूस कशाला परत मोजेल, तो वैतागलेला असतो. जिंकलेल्याला घाई असते घरी जायची, म्हणून त्यालाच थांबवायचं. आपल्या सोसायटीत वरच्या मजल्यावर पाणी चढत नव्हतं तेव्हाचं आठवतं? सेक्रेटरी मोठा पंप घ्यायला निघाले होते, मीटिंगमध्ये हातही वर झाले होते. तू उठून म्हणालीस, पंप ठणठणीत आहे, पाइप चोंदलाय. दुसऱ्या दिवशी दाबाचं गेज घेऊन जिन्याखाली बसलीस आणि खरं करून दाखवलंस. पाइप साफ झाला, पाणी चढलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, कोणीतरी पेढे आणले. आणि तू पेढा हातात धरून म्हणालीस, "झकास. आता पुन्हा मोजू." सेक्रेटरींचा चेहरा मी विसरणार नाही. त्यांनी पुढे कित्येक महिने तुला लिफ्टमध्ये बघितलं की जिन्याने जाणं पसंत केलं.

मला वाटतं, मोठ्या पंपावरचा तुझा राग तिथून आला होता. सगळा जन्म तू लोकांना उगाच मोठे पंप घेताना बघितलंस.

गाडी तू घेतलीस तेव्हा घरात सगळ्यांना वाटलं, रिटायरमेंटनंतर देवदर्शनाला जाईल. बाबा मला गाडी शिकवायला तयार नव्हते. "आधी रस्ता ओलांडायला शीक," म्हणायचे. तू शिकवलीस. मुलुंडच्या आतल्या रस्त्यांवर, सकाळी, सुती साडी आणि पायात पांढरे बूट. मी क्लच सोडताना गाडी बंद पाडली की तू कधी ओरडली नाहीस, फक्त विचारायचीस, "काय ऐकू आलं?" मला काहीच ऐकू यायचं नाही. मग एके दिवशी यायला लागलं. मी आज फिजिओथेरपिस्ट आहे, घाटकोपरला दिवसभर लोकांचे गुडघे वाकवते, आणि माझे पेशंट म्हणतात की बाई, तुम्ही गुडघा ऐकता. ते तू शिकवलंस.

मग मला त्या मैदानांचा नाद लागला. शहराबाहेरच्या मोकळ्या मैदानावर प्लास्टिकचे कोन मांडतात, त्यांच्यामधून एका वेळी एकच गाडी जाते, सगळ्यात कमी वेळ लागला तो जिंकला. मी तुला एकदा बघायला नेलं. मला वाटलं, धूळ बघून नाक मुरडशील. तू पदर खोचून कोनांपाशी उभी राहिलीस आणि परत येताना गाडीत म्हणालीस, "आपल्या यंत्राला जमेल." तू तिला कधी गाडी म्हणाली नाहीस, नेहमी यंत्र. त्यानंतर यंत्र रस्त्यावर यायचं बंद झालं. ते सावंतकाकांकडे राहायला गेलं आणि मैदानापर्यंत टेम्पोवर बसून जाऊ लागलं. बाबा म्हणाले, "आता गाडीलाच गाडी लागते."

आणि त्या मैदानाच्या फाटकावरचा तो पोरगेला माणूस. "काकू, बघणाऱ्यांनी त्या बाजूला उभं राहायचं." तू गळ्यातला पास त्याच्या नाकासमोर धरलास. "मी बघणारी नाही. मी यंत्राबरोबर आहे." पुढच्या वेळी त्याने तुझ्यासाठी खुर्ची ठेवली होती. तू बसली नाहीस, तिच्यावर हत्यारांची पेटी ठेवलीस.

मागच्या वेळी मैदानावर सरळ पट्टा होता, लांबच लांब. मी पाय पूर्ण दाबला आणि शेवटच्या टप्प्यात इंजिन एकदम खोकायला लागलं. मी पाय काढला. परत आले तर तू बॉनेटवर हात ठेवून उभी.

"उपाशी आहे," तू म्हणालीस. "हवा कोंबतोय आपण, पेट्रोल पोचत नाही. अजून दोनदा असं पळवलंस तर पिस्टन वितळेल."

ती भीती खरी होती. हे इंजिन आपण तिघांनी, तू, मी आणि सावंतकाका, रविवार रविवार करत बांधलं होतं. असलं दुसरं कुठे मिळत नाही. चुकीचा पंप बसवला तर ते जळणार होतं आणि त्याबरोबर तुझ्या हातचं सगळंच.

मग तुझ्या स्वयंपाकघरात ती ऐतिहासिक भांडणं. तू पोह्यांना फोडणी देत होतीस आणि मी ओट्यावर बसले होते.

"मोठ्या गाडीचा साधा कंपनीचा पंप घे," तू म्हणालीस. "आवाज नाही, तापत नाही, कुठल्याही दुकानात मिळतो."

"तो कमी पडेल. रेसिंगचा घेऊ."

"तो दुप्पट पेट्रोल ओढेल. इंजिनाला नको असेल ते परतीच्या नळीतून टाकीत जाणार. ती नळी बारीक. मग गाडी हळू असली की दाब चढणार, पेट्रोल उगाच गोल गोल फिरून तापणार. शिवाय तुझा तो काळा डबा खरा की नकली, कोण सांगणार?"

"आणि पेट्रोल बदललंय त्याचं काय? आता त्यात इथेनॉल असतं. तेवढ्याच ताकदीला जास्त जाळावं लागतं. तू जुन्या पेट्रोलचा हिशेब करतेयस, आत्या."

तू झारा तसाच हातात धरून थांबलीस. पोहे खाली लागले. मग म्हणालीस, "हे बरोबर आहे." एवढंच. दुसऱ्या दिवशी मी आले तर टेबलावर तुझं ते काचेचं मोजपात्र. रिटायर होताना ऑफिसवाले चांदीची गणपतीची मूर्ती देणार होते आणि तू म्हणालीस, फ्रीजवर एक आहे, मला शेडमधलं मोजपात्र द्या. त्याच्यावर तू लाल मार्करने एक रेघ मारली होतीस. "सगळा हिशेब नव्या पेट्रोलचा केलाय. टर्बो पूर्ण जोरात असताना जेवढा दाब लागतो तेवढा ठेवायचा, अर्धं मिनिट पंप चालवायचा. या रेघेच्या वर गेला तो पुरला, खाली राहिला तो नाही पुरला."

"आणि तुझा खाली राहिला तर?"

"नाही राहायचा."

"राहिला तर?"

"मुक्ते, पोहे खा."

हे आपलं शेवटचं नीट भांडण. मला फार वाईट वाटतं की त्या दिवशीचे पोहे चांगले होते हे मी तुला सांगितलं नाही. आदल्या दिवशीसारखे खाली लागलेले नव्हते ते.

तर मोजायला गेलो. गेलो म्हणजे मी आणि बाबा. बाबा तुझ्या हयातीत त्या गॅरेजमध्ये कधी आले नाहीत, लांबूनच नाक मुरडायचे. पण मी निघताना म्हणाले, "आग विझवायचं नळकांडं कोण धरायचं?"

"आत्या धरायची."

"मग चल." आणि निघाले. जिन्यात मी त्यांच्या शर्टाला हात लावला. चमकदार, नायलॉनसारखा काहीतरी. म्हटलं, "हा नाही चालणार. पेट्रोलपाशी सुतीच कपडे. ठिणगी उडते." ते कुरकुरत वर गेले आणि सदरा घालून आले. तुझा भाऊ आयुष्यात पहिल्यांदा तुझ्या नियमाने कपडे घालून बाहेर पडला, आत्या. मी तेव्हाच मनातल्या मनात तुला एक टाळी दिली.

सावंतकाका फाटकात उभे होते. मालवणचे सावंतकाका, जे तुला बाई म्हणायचे आणि तुझ्यासमोर कधी विडी पेटवायचे नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाले, "काय गो, बाईंचा मोजपात्र आणलंस मा?" मी पिशवीतून काढून दाखवलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, लाल रेघेकडे बघितलं आणि मागच्या मोकळ्या जागेत टेबलावर नेऊन ठेवलं.

सगळं तुझ्या पद्धतीने मांडलं. फोन बाहेर. टाकीऐवजी पत्र्याचा डबा, त्यात पंप, पुढे नळी, दाबाचं गेज, झडप आणि शेवटी मोजपात्र. बॅटरीला चार्जर, कारण गाडी चालू असताना जेवढी वीज मिळते तेवढीच पंपाला मिळाली पाहिजे, नाहीतर मोजण्याला अर्थ नाही. बाबा नळकांडं छातीशी धरून उभे, लहान मूल घेतल्यासारखे.

आधी तुझा लावला. शपथेवर सांगते, मला वाटत होतं, तोच पुरू दे. दहाव्याला भांडणारी मी, पण त्या क्षणी मला जिंकायचं नव्हतं. पंप सुरू झाला. काय सुंदर चालत होता गं, आवाजच नाही. मी झडप आवळत गेले, काटा वर चढवला, जिथे पाहिजे तिथे आणला आणि सावंतकाकांनी घड्याळ दाबलं. पेट्रोल मोजपात्रात चढायला लागलं. चढलं, चढलं आणि अर्धं मिनिट संपलं तेव्हा लाल रेघेच्या खाली थांबलं. बोटभर खाली.

मी वाकून बघितलं. मग सावंतकाका म्हणाले, "बाईंचो पंप कमी पडलो गो."

मग माझा. घूं घूं आवाज, शेजारच्या गॅरेजमधली माणसं डोकावली. काटा तिथेच ठेवला. पेट्रोल रेघ ओलांडून सरळ वर गेलं. नकली नव्हता. लगेच तो गाडीला जोडून इंजिन हळू चालताना किती दाब येतो ते बघितलं, कारण तू असतीस तर सोडलं नसतंस. दाब चढला. तुझा मुद्दा खरा होता, परतीची नळी बारीक पडत होती. काकांनी जाड नळी टाकली, काटा जागेवर आला. हे अर्धं भांडण तू जिंकलीस, ते मी मान्य करते. पण पंप माझा.

आत्या, मी जिंकले. तुझ्या मोजपात्राने, तुझ्या रेघेने, तुझ्या पद्धतीने मी तुला हरवलं. साहेबाने सही मागितली तरी न हललेली बाई, तिने स्वतःच्या हाताने रेघ मारून ठेवली होती, आणि ती रेघ मारताना तिने स्वतःच्या पंपाकडे एकदाही बघितलं नव्हतं. थोडी खाली मारली असतीस तर कोणाला कळलं असतं? मी तो हिशेब तपासलासुद्धा नसता. मला त्या रेघेचा इतका अभिमान वाटला की मी तिथेच, त्या पेट्रोलच्या वासात, हातमोज्यांनी तोंड झाकून उभी राहिले. मी या बाईची भाची आहे, एवढंच डोक्यात होतं. बाकीच्यांच्या आत्या त्यांना सोन्याच्या बांगड्या ठेवून जातात. मला ही रेघ मिळाली आणि मला बांगड्या नकोच होत्या.

मग मी सामान आवरायला लागले. नळ्या काढायला घेतल्या.

"अगं, थांब," बाबा म्हणाले. नळकांडं तसंच छातीशी. "पुन्हा मोजायचं ना?"

मी त्यांच्याकडे बघितलं.

"ताईचा नियम आहे. जिंकला त्याने पुन्हा मोजायचं." त्यांनी नळकांडं दुसऱ्या हातात घेतलं. "लहानपणी पत्ते खेळताना पण असंच करायची. मी जिंकलो की पानं परत मोजायला लावायची मला."

मला मोजायचं नव्हतं, आत्या. नियम मी विसरले नव्हते. पण पुन्हा मोजलं आणि तेवढंच आलं की भांडण संपणार होतं. ते अर्धवट होतं तोवर तू कुठेतरी पोहे परतत होतीस, झारा हातात धरून उत्तर शोधत होतीस. मी बाबांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "मला कळतंय." मग म्हणाले, "पण मग ती म्हणेल, मुक्ताला मोजायचा कंटाळा."

हे मात्र मी ऐकून घेणार नव्हते. तुझा पंप पुन्हा पत्र्याच्या डब्यात सोडला, काटा चढवला. बोटभर खाली. माझा पुन्हा लावला. रेघेच्या वर. तेवढंच आलं, दोन्ही वेळा.

"झकास," बाबा म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

तुझा पंप मी परत खाकी डब्यात ठेवला आणि फ्रीजवर गणपतीशेजारी नेऊन ठेवला. वन्संच्या देवाचं मी करीन म्हणाली होती आई, ती आता त्या डब्यावरही एक फूल ठेवते. मोजपात्र धुऊन पुसून माझ्याकडे आहे. रेघ पुसू दिली नाही.

रविवारी मैदान होतं. बाबा आले, सदरा घालून. फाटकावरच्या त्या माणसाने तुझ्यासाठी खुर्ची आणली, बाबांकडे बघितलं आणि समजला. बाबा बसले नाहीत. त्यांनी खुर्चीवर हत्यारांची पेटी ठेवली. कोणी सांगितलं त्यांना, कोण जाणे. मी नाही सांगितलं.

तोच सरळ पट्टा होता. मी पाय पूर्ण दाबला आणि डोळा पेट्रोलच्या दाबाच्या काट्यावर ठेवला. मागच्या वेळी जिथे इंजिन खोकलं होतं ती जागा आली, गेली. काटा हलला नाही, आत्या. मी परत आले, बाबांनी बॉनेटवर हात ठेवला आणि मी काही विचारायच्या आत सुरुवातीच्या कोनांकडे बोट दाखवलं. मी पुन्हा गेले. पुन्हाही हलला नाही.